कऱ्हा: दोन डोंगररांगांमधली नदी आणि तिचे नाव

पुणे जिल्ह्यातील नदी म्हटली की सह्याद्रीचा घाटमाथा, तिथला धुवाधार पाऊस आणि त्या पावसावर भरणारी मोठी धरणे डोळ्यांसमोर येतात. भीमा, इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा, वेळवंडी, गुंजवणी, नीरा या साऱ्या नद्यांचे पाणी घाटमाथ्यावरून किंवा त्याच्या अगदी जवळून निघते आणि पूर्वेकडे देशावर उतरते. कऱ्हा त्यांच्यातली नाही. ती घाटमाथ्याला कुठेच शिवत नाही, आणि तिच्याविषयी जे काही सांगण्यासारखे आहे, तिचे नाव, तिच्या कथा, तिच्या काठच्या गावांची तहान, ते सारे या एका गोष्टीपाशी येऊन पोहोचते, असे माझे मत आहे. माझे आजोळ कऱ्हेच्या काठाकडचे असल्यामुळे या नदीविषयी मला ममत्व आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

प्रथम नकाशा पाहू. सिंहगडाच्या परिसरातून एक डोंगररांग पूर्वेकडे निघते. कात्रज, बोपदेव आणि दिवे हे घाट याच रांगेवर आहेत, मल्हारगड तिच्यावरच आहे, आणि पुढे यवतजवळ भुलेश्वराचे देऊळही तिच्यावरच उभे आहे; त्या देवळावरून तिला भुलेश्वराची रांग म्हणतात. हिच्या दक्षिणेला पुरंदर आणि वज्रगड यांची रांग आहे. या दोन रांगांच्या मधला जो उंचसखल, माळरानांचा प्रदेश, तो कऱ्हेचा. गराड्याजवळच्या चतुर्मुखाच्या डोंगरात तिचा उगम मानतात. तिथून ती पूर्वेकडे सासवडला येते, जेजुरीला उजव्या हाताला ठेवून नाझरे, पांडेश्वर, मोरगाव असे करत बारामतीच्या मधून जाते आणि सोनगावजवळ नीरेला मिळते. उगमापासून संगमापर्यंतचे अंतर सरळ रेषेत मोजले तरी ऐंशी किलोमीटरांहून अधिक भरते. म्हणजे लांबीने ती काही अगदीच लहान नाही; लहान आहे ती पाण्याने.

याचे कारण उगमाच्या पश्चिमेला सापडते. गराड्याच्या मागचा डोंगर चढून पलीकडे पाहिले, तर खाली खेड-शिवापूरची बाजू दिसते आणि ते खोरे शिवगंगेचे आहे. शिवगंगा दक्षिणेला वाहत जाऊन गुंजवणीला मिळते आणि गुंजवणी नीरेला. उत्तरेला भुलेश्वराच्या रांगेपलीकडे पडणारे पाणी मुठेकडे आणि मुळा-मुठेकडे जाते. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस या नद्यांनी आधीच आपापसांत वाटून घेतलेला आहे. त्यातला एकही ओहोळ कऱ्हेच्या वाट्याला येत नाही. तिला मिळते ते तिच्या स्वतःच्या दोन रांगांच्या उतारावरचे आणि मधल्या माळावरचे पाणी. हा सारा भाग पर्जन्यछायेत येतो. घाटमाथ्यावर काही हजार मिलिमीटर पाऊस पडत असताना सासवड, जेजुरी, मोरगाव या पट्ट्यात वर्षाला साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटरांच्या आसपासच पाऊस होतो आणि तोही पुष्कळदा परतीच्या पावसावर अवलंबून असतो. जमीन मुरमाड, खाली काळा पाषाण, त्यामुळे आलेले पाणी मुरते कमी आणि वाहून जाते अधिक. पावसाळा सरला की पात्रात डोह उरतात, आणि मार्गशीर्ष-पौषापर्यंत तेही आटत जातात.

या नदीचा भूगोल मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या वाटेत. पालखी पुण्याहून निघाली की दिवे घाट चढते. घाट चढून वर येणे म्हणजे मुळा-मुठेचे खोरे सोडून कऱ्हेच्या प्रदेशात पाऊल टाकणे होय. सासवडला दोन दिवसांचा मुक्काम होतो, मग जेजुरी, आणि जेजुरीहून वाल्ह्याला जाताना दौंडजची खिंड लागते, जिथे वारकरी सकाळची न्याहारी सोडतात. ती खिंड ओलांडली की कऱ्हेचा प्रदेश संपला. पुढचे पाणी थेट नीरेकडे जाणारे. त्यानंतर नीरेवर पादुकांना स्नान घातले जाते. दोन जलविभाजक, म्हणजे दोन खोऱ्यांचे पाणी वेगळे करणारे उंचवटे, एक घाटाचा आणि एक खिंडीचा, वारकरी पायांनी मोजतात. सासवड सोडल्यापासून पालखी काही दिवसांतच नीरेच्या पात्रापाशी पोहोचते. कऱ्हेला मात्र त्याच नीरेला गाठायला बारामतीच्याही पलीकडे जावे लागते. पुरंदरच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचेही तसेच होते. गडाच्या दक्षिण उतारावरचे पाणी सरळ नीरेच्या खोऱ्यात उतरते आणि उत्तर उतारावरचे, नारायणपूरच्या बाजूचे पाणी कऱ्हेतून सारा पुरंदर तालुका आणि बारामती तालुका पालथा घालून शेवटी नीरेतच जाते.

आता नावाकडे वळतो. पण नदीच्या नावाआधी नदीवरून पडलेल्या प्रदेशाच्या नावाचा विचार केला पाहिजे, कारण त्यातच जुन्या लोकांची नजर दिसते. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांच्या प्रदेशांना आपल्याकडे मावळ किंवा खोरे म्हणतात: पवन मावळ, गुंजण मावळ, मुठे खोरे, कानद खोरे. मोठ्या नदीच्या सपाट काठाला थडी म्हणतात, म्हणून भीमथडी. कऱ्हेच्या प्रदेशाला मात्र यांतले काहीच म्हणत नाहीत. त्याचे नाव आहे कऱ्हेपठार. जुन्या महसुली कागदांत तर्फ, म्हणजे काही गावांचा महसुली विभाग, म्हणून हे नाव येते आणि आजही पुरंदरच्या बाजूची माणसे आपल्या मुलखाला याच नावाने ओळखतात. जेजुरीच्या डोंगरावर खंडोबाचे जे जुने ठाणे आहे ते कडेपठार. नावे कानाला जवळची असल्याने बाहेरची माणसे या दोहोंत घोटाळा करतात, परंतु एक डोंगरावरचे स्थान आहे आणि दुसरे नदीवरून ओळखला जाणारा अख्खा मुलूख.

खोरे म्हटले की दोन्ही बाजूंनी चढत गेलेले उंच डोंगर आणि तळाशी नदी असे चित्र उभे राहते. कऱ्हेच्या बाबतीत रांगा दूर दूर आहेत, मधला माळ उंचावर आहे आणि नदी त्या माळावरून वाहते. मावळात दृष्टी तळाकडे जाते, इथे ती सपाटीवर फिरते. ज्यांनी हा फरक ओळखून एकाला खोरे आणि दुसऱ्याला पठार म्हटले, त्यांना भूगोल शिकवायला कोणी आलेले नव्हते. तरीही इतका पसरलेला मुलूख त्यांनी ओळखला तो नदीच्या नावाने. वर्षातले कित्येक महिने जिच्यात धड पाणी नसते, त्या नदीचे नाव सगळ्या मुलखाला मिळावे, यावरून तिथे पाण्याची किंमत काय होती ते कळते.

कऱ्हा या शब्दाचा अर्थ पाण्याचे लहान भांडे. संस्कृतात करक म्हणजे पाण्याचे पात्र, कमंडलू. त्यावरून मराठीत करा किंवा कऱ्हा. लग्नात करवलीच्या हातात असतो तो करा हाच. अक्षय्यतृतीयेला आपल्याकडे पितरांच्या नावाने करा-केळी पुजतात, त्यातलाही करा हाच. माझी आजी दरवर्षी कुंभाराकडून तो आणवत असे. मुठीत मावेल एवढे तांबड्या मातीचे भांडे, कच्चेच भाजलेले. त्यात पाणी भरून, तोंडावर कैरी ठेवून, ते गव्हाच्या लहानशा राशीवर मांडले जाई. थोड्याच वेळात मातीतून पाणी पाझरू लागे, भांड्याचा रंग खालून वर गडद होत जाई आणि बुडाशी गहू ओले होत. उन्हाळ्याच्या ऐन भरात, जेव्हा नदीच्या पात्रात नुसते दगडगोटे दिसत, तेव्हा घरात पितरांना दिले जाणारे ते पाणी अशा एवढ्याशा भांड्यात मोजून दिले जाई. नदीचे आणि त्या भांड्याचे नाव एकच आहे, हे मला पुष्कळ उशिरा लक्षात आले. व्याकरणाने दोन्ही वेगळी राहतात: भांडे पुल्लिंगी, नदी स्त्रीलिंगी, भांड्याचे होते कऱ्ह्याचे पाणी आणि नदीचे कऱ्हेचे.

नदीच्या उत्पत्तीची कथाही भांड्याचीच आहे. पांडव या भागात आले, त्यांना यज्ञ करायचा होता, पण पाणी कुठेच मिळेना. गराड्याच्या डोंगरात ब्रह्मदेव तपाला बसले होते आणि त्यांच्याजवळ पाण्याने भरलेला कमंडलू होता. ब्रह्मदेवांची समाधी उतरेना, तेव्हा पांडवांनी तो कमंडलू कलंडून दिला, आणि त्यातून जे पाणी वाहू लागले तीच कऱ्हा. जागे झालेले ब्रह्मदेव रागावून मागे निघाले. त्यांना थोपवण्यासाठी वाटेत ठिकठिकाणी शिवलिंगे स्थापली गेली, म्हणजे ते पूजेसाठी थांबत जातील आणि पाणी पुढे निघून जाईल. पांडेश्वर या गावाचे नाव या कथेशी जोडलेले आहे, आणि कऱ्हेच्या काठाने इतकी शिवालये का, याचेही उत्तर लोक याच कथेतून देतात. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, कोणी कमंडलू अर्जुनाने सांडला म्हणतो तर कोणी भीमाने, परंतु सांडलेले भांडे मात्र प्रत्येक सांगण्यात असते.

महाराष्ट्रातल्या पुष्कळ नद्यांच्या कथा मी वाचल्या आणि ऐकल्या आहेत. गोदावरीची कथा शंकराच्या जटेतल्या गंगेची आहे, भीमेची कथा शंकराच्या घामाची आहे. त्या कथांमध्ये पाणी आकाशातून किंवा देवाच्या देहातून येते, त्याला मोजमाप नाही. कऱ्हेच्या कथेतले पाणी मोजलेले आहे. ते एका भांड्याएवढे आहे, ते कुणाच्या तरी मालकीचे आहे आणि ज्याला गरज आहे त्याने ते न विचारता घेतलेले आहे. माझ्या मते आधी नाव होते आणि नावाला जोडून कथा आली. पण ती या मुलखात टिकली आणि घरोघर पोहोचली, याचे कारण नावाहून वेगळे आहे. दोन डोंगररांगांच्या मधल्या तेवढ्याच उतारावरचे पाणी जिच्या वाट्याला आले, त्या नदीचे वर्णन म्हणून ही कथा नेमकी आहे.

मोरगावला याच कथेचे भारदस्त रूप ऐकायला मिळते. तिथे कऱ्हेला ब्रह्मकमंडलू म्हणतात आणि क्षेत्राच्या माहात्म्यात तिचा उल्लेख तीर्थ म्हणून येतो. मोरया गोसावींना कऱ्हेत स्नान करताना गणपतीचा तांदळा, म्हणजे अनघड शिळारूप मूर्ती, हाती लागला, अशी परंपरा आहे. तोच चिंचवडच्या मंगलमूर्तीचा तांदळा. आजही भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी मोरगावला जाते. पवनेच्या काठचे दैवत दर वर्षी दोनदा कऱ्हेच्या काठी येते, ते या जुन्या नात्याने. तरीही मोरगावात शेतावर जाणारा माणूस नदीला ब्रह्मकमंडलू म्हणत नाही, कऱ्हाच म्हणतो. माहात्म्यातले नाव पूजेला आणि बोलण्यातले नाव रोजच्या वापराला, अशी ही विभागणी मला योग्य वाटते, कारण दोन्ही नावांचा अर्थ एकच आहे आणि कोणीच दुसऱ्याला खोडत नाही.

सासवडला असे झालेले नाही. तिथे कऱ्हेला जी लहान नदी मिळते तिचे नाव चांबळी. बोपदेव घाटाखालच्या चांबळी गावावरून हे नाव पडले. तिचेच दुसरे नाव भोगावती असे सांगतात. भोगावती हे पुराणांतले, पाताळातल्या नदीचे नाव. कोल्हापूरला पंचगंगेच्या घटक नद्यांमध्ये एक भोगावती आहे, सोलापूर जिल्ह्यात सीनेला मिळणारी आणखी एक आहे, आणि ही सासवडची तिसरी. पुराणातले नाव दिले की नदीला मान मिळतो, पण ती कुठली हे कळेनासे होते. चांबळी म्हटले की कोणत्या गावाकडून, कोणत्या घाटाखालून पाणी येते ते एका शब्दात समजते. मला म्हणूनच चांबळी हे नाव अधिक प्रिय आहे. शासकीय नकाशांवर आणि शाळेच्या पुस्तकांवरही तेच ठळकपणे यावे असे वाटते.

या संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे. देवळाजवळचा नदीचा घाट उतरून खाली गेले की दोन्ही पात्रे एकत्र दिसतात आणि पावसाळ्यात चांबळीचे पाणी व कऱ्हेचे पाणी रंगावरून वेगळे ओळखता येते. कुठल्या बाजूला आधी पाऊस झाला, हे जुनी माणसे त्या रंगावरून सांगतात. थोड्या अंतरावर, नारायणपूरच्या रस्त्याला, चांगावटेश्वराचे देऊळ आहे. संत सोपानदेवांनी १२९६ साली समाधी घेतली ती याच सासवडला. पेशवाईचा पाया घालणारे बाळाजी विश्वनाथ १७२० साली इथेच वारले आणि पुरंदऱ्यांचा वाडाही इथलाच. आचार्य अत्रे यांचा जन्म १८९८ साली सासवडजवळच्या कोडीत गावी झाला. त्यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव दिले आणि ज्यांनी ही नदी कधी पाहिली नाही अशा लाखो मराठी वाचकांना तिचे नाव ठाऊक झाले.

जेजुरी नदीपासून थोडी बाजूला आहे. गावाला पाण्यासाठी तळी बांधावी लागली, पेशवे तलाव आणि होळकर तलाव ही त्यांतली मोठी. पण सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी गड उतरून कऱ्हेवर जाते आणि धालेवाडीजवळच्या तीर्थावर देवाला स्नान घातले जाते. दाराशी तलाव असताना देव स्नानाला नदीवरच जातो. पालखीच्या मागे हजारो माणसे भंडारा उधळत चालत असतात आणि रस्ताच काय, नदीचा काठही पिवळा होतो.

नाझऱ्याला कऱ्हेवर धरण आहे. त्याच्या जलाशयाला मल्हारसागर म्हणतात. वर गराड्यालाही धरण आहे. शिवाय पात्रात जागोजाग कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, ज्यांना इकडे नुसते ‘केटी’ म्हणतात. पावसाळा संपता संपता त्यांना ढापे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, टाकून पाणी अडवतात आणि ते किती दिवस पुरेल यावर रब्बीचा अंदाज बांधतात. ढापे वेळेवर टाकले गेले नाहीत, किंवा त्यांच्यातून गळती राहिली, तर पुढच्या चार महिन्यांचे गणित बिघडते. या कोरड्या हवेचा एक फायदाही आहे. पुरंदरचे अंजीर आणि सीताफळ प्रसिद्ध आहेत आणि त्यांतल्या अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. फार पावसात अंजीर फुटते आणि नासते. कऱ्हेपठाराच्या कमी पावसात ते गोड होते.

अशा नदीला पूर येतो, यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो आला. त्या रात्री कात्रजच्या परिसरात आणि भुलेश्वराच्या रांगेवर अतिशय जोराचा पाऊस झाला. रांगेच्या उत्तरेला पडलेले पाणी आंबिल ओढ्याने पुण्याच्या वस्त्यांमध्ये घुसले आणि त्यात माणसे दगावली. वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर मुख्यतः हीच बातमी राहिली. त्याच रांगेच्या दक्षिणेला पडलेले पाणी कऱ्हेत आले. पुरंदर तालुक्यात ओढ्यानाल्यांनी शेतांची माती खरवडून नेली, माणसे आणि जनावरे वाहून गेली, नाझऱ्याच्या धरणातून मोठा विसर्ग सुरू झाला आणि बारामतीत नदीकाठच्या हजारो लोकांना घरे सोडून सुरक्षित जागी जावे लागले. आंबिल ओढा आणि कऱ्हा यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे त्या रात्रीपर्यंत कोणाच्या मनात आले नसेल. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर एकच ढग फुटला, एवढाच तो संबंध. मुरमाड, उघड्या उतारांवर पाणी थांबत नाही, आणि वर्षानुवर्षे कोरडे दिसणारे पात्र माणसे आपलेच समजू लागतात. पात्रातली वाळू उपसली जाते, काठावर भराव पडतात, मोकळ्या जागेत वेडी बाभूळ माजते. मग पाणी येते तेव्हा त्याला जागा उरलेली नसते. नदी बाराही महिने वाहत नसली तरी तिचे पात्र बाराही महिने तिचेच असते, ही गोष्ट काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने मनावर घेतली पाहिजे, असे मला तळमळीने वाटते.

गेल्या काही वर्षांत या भूगोलात माणसाने आणखी एक बदल केला आहे. पुरंदर उपसा योजनेचे पंप मुळा-मुठेचे पाणी भुलेश्वराच्या रांगेवर चढवून कऱ्हेच्या बाजूच्या शेतांना देतात. जो जलविभाजक घाटमाथ्याच्या पाण्याला कऱ्हेपासून दूर ठेवत होता, तो विजेच्या जोरावर ओलांडला गेला आहे. या पाण्यात पुणे शहराचे सांडपाणीही मिसळलेले असते. शेतकऱ्याला ते पाणी हवे आहे आणि त्याची गरज खरी आहे. तहानलेल्या मुलखात डोंगरापलीकडचे पाणी आणणे मला गैर वाटत नाही. मात्र ते शुद्ध करूनच चढवले गेले पाहिजे, कारण आज शेतात सोडलेले पाणी उद्या विहिरीत आणि परवा नदीच्या डोहात उतरणार आहे.

बारामतीला कऱ्हेची गाठ वेगळ्याच पाण्याशी पडते. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि तो कऱ्हा ओलांडून पुढे इंदापूरकडे जातो. तालुक्याचे दोन भाग पडले ते या कालव्यामुळे: कालव्याखालचा बागायती आणि उरलेला जिरायती. नीरेच्या बाजूला ऊस, कारखाने, कालव्याची आवर्तने. कऱ्हेच्या वरच्या बाजूला बाजरी, ज्वारी आणि टँकरची वाट. दोन नद्या एकाच तालुक्यात, एकमेकींपासून काही कोसांवर, पण एकीच्या मागे घाटमाथ्याचा पाऊस उभा आहे आणि दुसरीच्या मागे नाही. मोरोपंत (१७२९–१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने याच बारामतीत राहिले तेव्हा कालवा नव्हता. त्यांच्या आर्या ज्या गावात रचल्या गेल्या त्या गावाची नदी कऱ्हाच होती, आणि नाईकांचा वाडाही तिच्याच काठाला आहे.

सोनगावला सोनेश्वराच्या देवळापाशी कऱ्हा नीरेत मिसळते आणि तिचे नाव तिथे थांबते. दोन नद्या मिळाल्या की पुढे कोणाचे नाव चालवायचे, याचा साधा रिवाज असा की जिच्यात पाणी अधिक, तिचे. मुळा आणि मुठा यांच्यात लोकांनी दोन्ही नावे जोडून ठेवली, कारण दोघींचा जोर जवळपास सारखा. इथे तसा प्रश्न नव्हता. पुढे नीरा नरसिंहपूरला नीरेचे नाव भीमेत जाते आणि रायचूरच्या बाजूला भीमेचे कृष्णेत. कऱ्हा ही उपनदीची उपनदी आहे, पण तिच्या नावाने एक पठार ओळखले जाते.

शेवटी या नावाच्या लिहिण्याविषयी थोडे सांगतो, कारण सध्या ते फार बिघडत चालले आहे. पुलांवरच्या पाट्यांवर मी ‘कर्हा’, ‘करहा’ आणि ‘क-हा’ अशी तीन रूपे पाहिली आहेत. पैकी ‘क-हा’ हे रूप जुन्या संगणकीय अक्षरवळणांतून आले. वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर कऱ्हाडचेही असेच ‘क-हाड’ झालेले आढळते. त्या कऱ्हाडचा या नदीशी संबंध नाही; ते कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे गाव आहे आणि त्याचे नाव करहाटक या जुन्या नावावरून आले आहे. ‘कर्हा’ असे रफार देऊन लिहिले की उच्चार बदलतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. रफाराचा र आधीच्या अक्षरावर आघात देतो, अर्धचंद्रासारखा दिसणारा ऱ देत नाही. कुऱ्हाड, तऱ्हा, गिऱ्हाईक यांच्यात जो उच्चार आहे, तोच कऱ्हेत आहे. हा ऱ मराठीने जपला आहे, हिंदीत तो वापरात नाही. त्यामुळे हिंदी कळफलकावर किंवा रोमन लिपीवरून पाटी तयार केली की तो गळतो.

संगणकावर आणि मोबाइलवर तो लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग ह टंकतात. दुसरीत साधा र, हलन्त, त्यानंतर अक्षरे जोडणारे एक अदृश्य चिन्ह आणि मग ह. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, यंत्राला मात्र ती दोन निरनिराळी नावे वाटतात, आणि एका रूपाने शोध घेतला तर दुसऱ्या रूपात लिहिलेला मजकूर हाती लागेलच असे नाही. मी सगळीकडे पहिली पद्धत वापरतो. कऱ्हेच्या काठच्या गावांविषयी, देवळांविषयी, बंधाऱ्यांविषयी जे कोणी लिहीत आहेत त्यांनीही ती वापरावी, आणि आपल्या गावच्या पुलावर पाटी लागणार असेल तेव्हा ग्रामपंचायतीला रंगाऱ्याच्या हाती नाव मराठीत, नीट लिहून देण्यास सांगावे.